ग्रीक भाषा मेली कधी?

अथेन्स शहरात सकाळी पाव आणायला निघालेला माणूस ज्या दुकानापाशी थांबतो, त्याच्या पाटीवर पुष्कळदा 'आर्तोपोलीओ' ही अक्षरे असतात. 'आर्तोस' म्हणजे भाकरी किंवा पाव. हा शब्द होमरच्या काव्यात आहे. ख्रिस्ती लोक रोजच्या भाकरीसाठी देवाची जी प्रार्थना करतात, तिच्या मूळ ग्रीक पाठात आहे. आणि आजही रविवारी चर्चमध्ये तो तसाच कानी पडतो. परंतु पाटीखालून आत शिरलेले गिऱ्हाईक 'आर्तोस' मागत नाही. ते मागते 'प्सोमी'. शेजारच्या मासळीच्या दुकानाची तीच कथा. वर लिहिलेले असते 'इख्थिओपोलीओ' आणि आत मिळते ती 'प्सारी'. पाटी एका भाषेत आणि सौदा दुसऱ्या भाषेत, असा हा प्रकार आहे. आणि तरीही त्या दोन्ही भाषांचे नाव एकच, ते म्हणजे ग्रीक.

जगातील मृत भाषांची यादी सांगू लागले की बहुतेकांच्या तोंडी लॅटिनच्या जोडीने ग्रीकचे नाव येते. पाठ्यपुस्तकांतून आणि ज्ञानकोशांतूनही ही जोडी कित्येक वर्षे मुक्काम ठोकून आहे. ज्या भाषेत रोज वृत्तपत्रे निघतात, न्यायनिवाडे होतात, मुले रडतात आणि आया त्यांना रागावतात. ग्रीस आणि सायप्रस मिळून जी सव्वा कोटीच्या आसपास माणसांची भाषा आहे. जिच्यात लिहिणाऱ्या येओर्गिओस सेफेरिस या कवीला १९६३ मध्ये आणि ओदिसेआस एलितिस याला १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तिला मृत कसे म्हटले गेले? हा प्रश्न केवळ व्याकरणाचा असता, तर तो पंडितांवर सोडून देता आला असता. पण या प्रश्नापायी ग्रीसमध्ये सरकारे गडगडली, राजधानीच्या रस्त्यांवर माणसे गोळ्या लागून पडली, आणि मुलांच्या पिढ्यामागून पिढ्या आपल्या घरात कोणी बोलत नाही अशा भाषेत शिकत राहिल्या.

भाषा मरते म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहिले पाहिजे. मेसोपोटेमियातील सुमेरी भाषा इसवी सनापूर्वी दोन हजार वर्षांच्या सुमारास लोकांच्या तोंडून गेली. तिची जागा अक्कादी भाषेने घेतली. सुमेरीला मुलगी नाही, बहीण नाही. तिच्या कुळात दिवा लावायला कोणी उरले नाही. तरीसुद्धा बाबिलोनचे लेखनिक पुढे कित्येक शतके सुमेरी शिकत राहिले, कारण देवांची स्तोत्रे तिच्यात होती. हे खरे मरण. लॅटिनचे तसे नाही. लॅटिन बोलणारा शेवटचा माणूस अमुक दिवशी वारला, असे कोणत्याही गावात घडले नाही. आई बोलत होती तेच मूल बोलत होते, फक्त किंचित निराळे. आणि हे किंचित निराळेपण साठत साठत गेले. इसवी सन ८१३ मध्ये तूर येथे भरलेल्या धर्मसभेने पाद्र्यांना सांगितले की, प्रवचने लोकांना समजतील अशा 'ग्रामीण रोमन' बोलीत करा. म्हणजे तोपर्यंत चर्चमधील लॅटिन आणि बाजारातील लॅटिन यांची ताटातूट झाली होती. बाजारातल्या लॅटिनची पुढे इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश अशी नावे पडली. मुलींची नावे निराळी ठेवली, म्हणून आईला मृत म्हणणे सोपे गेले. ग्रीकच्या बाबतीत मात्र मुलीलाही आईचेच नाव लावले गेले, आणि घोटाळ्याचा एक मोठा भाग या नामकरणात आहे. महाराष्ट्री प्राकृत आणि मराठी यांना आपण दोन नावे दिली आहेत. एकच दिले असते, तर आपल्याकडेही 'ही भाषा मेली की जिवंत आहे' असा वाद रंगला असता.

ग्रीकचे वय किती, हे गेल्या शतकापर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. क्रीट बेटावरील क्नोसोस आणि ग्रीसमधील पिलोस येथे मातीच्या पाट्या सापडल्या होत्या. त्यांवरील लिपी कोणाला लागत नव्हती. मायकेल व्हेंट्रिस हा व्यवसायाने वास्तुशिल्पी असलेला तरुण इंग्रज फावल्या वेळात तिच्यामागे लागला आणि १९५२ च्या जुलैमध्ये ब्रिटिश नभोवाणीवरील एका भाषणात त्याने जाहीर केले की, या पाट्यांची भाषा ग्रीक आहे. होमरच्याही कित्येक शतके आधीची, इसवी सनापूर्वी चौदाव्या-तेराव्या शतकांतली ग्रीक! त्या पाट्यांवर काव्य नाही, इतिहास नाही. मेंढ्या किती, रथांची चाके किती, कोणाकडून काय येणे आहे, असा तो सारा सरकारी दप्तराचा मजकूर आहे. क्नोसोसच्या एका पाटीत देवतांना वाहिलेल्या मधाच्या घागरींची नोंद आहे. मधासाठी तेथे जो शब्द आहे, तोच आजच्या ग्रीक घरात मधाच्या बरणीवर असतो, आणि त्याचा उच्चार आहे 'मेली'. मराठी कानाला हा शब्द अशुभ वाटेल. पण तीन हजार चारशे वर्षे टिकलेल्या या शब्दाकडे पाहिले म्हणजे भाषा मेली की नाही, याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही, हे ध्यानात येते.

ज्याला जग 'ग्रीक' म्हणून ओळखते, ती या दीर्घ आयुष्यातील एका शहराची आणि दोनेक शतकांची भाषा आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या आणि चौथ्या शतकांत अथेन्समध्ये नाटककार, इतिहासकार, वक्ते आणि तत्त्वज्ञ यांची जी मांदियाळी झाली, तिची ती अॅटिक बोली. तेव्हाही ग्रीक म्हणून एकच भाषा नव्हती. साफोची भाषा निराळी, हिरोडोटसची निराळी, स्पार्टाच्या शिपायाची आणखीच निराळी. अथेन्सची बोली श्रेष्ठ ठरली ती तेथील ग्रंथांमुळे. पण ती पसरली मात्र अथेन्सचे स्वातंत्र्य हिरावून घेणाऱ्या मॅसिडोनियाच्या राजांमुळे. त्यांनी आपला दरबारी व्यवहार याच भाषेत ठेवला होता. अलेक्झांडरच्या सैन्याबरोबर ती नाईलच्या काठापासून सिंधूच्या काठापर्यंत गेली आणि वाटेत तिचे कंगोरे झिजले. नाना देशांच्या नाना जातींच्या लोकांनी ती वापरली की कोणत्याही भाषेचे असेच होते. या झिजलेल्या, सोप्या, सर्वांच्या ग्रीकला 'कोइने' म्हणजे सामायिक भाषा असे नाव आहे.

हिंदुस्थानाशी ग्रीकची गाठ पडली ती या अवस्थेत. कंदाहार येथे १९५८ मध्ये सम्राट अशोकाचा एक शिलालेख सापडला. तो ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांत कोरलेला आहे, आणि त्यात 'धर्म' या शब्दासाठी 'युसेबिया' म्हणजे भक्तिभाव हा ग्रीक शब्द योजला आहे. एका देशाच्या सम्राटाने आपला धर्मविचार दुसऱ्यांच्या भाषेत त्यांना समजेल असा सांगावा, हे त्या काळच्या राज्यकारभाराला भूषणावह आहे. महाराष्ट्रात कार्ले, जुन्नर आणि नाशिक येथील लेण्यांत स्वतःला यवन म्हणवणाऱ्या दात्यांचे लेख आहेत. ते लेख मात्र प्राकृतात आहेत. येथे आलेल्या माणसाने येथली भाषा लिहिली. 'यवन' हा शब्द आयोनियन ग्रीकांच्या नावावरून आलेला. मराठीत त्याचा अर्थ पुढे पार बदलून गेला. ज्योतिषातील 'होरा' आणि 'केंद्र' हे शब्द ग्रीकच. आज जे केंद्र सरकार, परीक्षाकेंद्र आणि आकाशवाणी केंद्र आपल्या तोंडी आहे, ते मुळात कंपासाच्या टोकदार पायाचे ग्रीक नाव आहे, हे सांगूनही खरे वाटत नाही. 'सुरुंग' हाही बहुधा त्याच वाटेने आला.

कोइने बोलणारे लोक लिहीत कसे होते, हे इजिप्तच्या वाळूने जपून ठेवले. ऑक्सिरिंकस या गावच्या उकिरड्यांत १८९६ पासून हजारो पपायरस सापडले. त्यांत थेऑन नावाच्या एका मुलाचे बापाला लिहिलेले पत्र आहे. काळ इसवी सनाचे दुसरे किंवा तिसरे शतक. बाप त्याला न घेता शहरात गेला, म्हणून स्वारी रुसली आहे. अलेक्झांड्रियाला मला नेणार नसलात तर मी पत्र लिहिणार नाही, बोलणार नाही, आणि बोलावून घेतले नाहीत तर जेवणारही नाही, असा त्या पत्राचा भाव आहे. त्याचे शुद्धलेखन पाहून कोणत्याही गुरुजींनी कपाळाला हात लावला असता. पण भाषेच्या अभ्यासकाला हा मुलगा मोठा उपकारक झाला आहे. जुन्या ग्रीकमध्ये निरनिराळे असलेले स्वर तो एकमेकांच्या जागी लिहितो, कारण त्याच्या कानाला ते एकच झाले आहेत. 'तुला' या अर्थाची जुनी चतुर्थी तो वापरत नाही. तेथे द्वितीया घालतो. आजची ग्रीक चतुर्थी जाणत नाही. म्हणजे जो बदल पुढे पूर्णत्वास गेला, तो त्या रुसलेल्या पोराच्या पत्रात सुरू झालेला दिसतो.

याच काळात भाषेच्या रखवालदारांची एक परंपरा उभी राहिली. अथेन्सच्या सुवर्णकाळात जो शब्द सापडत नाही तो वर्ज्य, असा त्यांचा दंडक. दुसऱ्या शतकात फ्रिनिकस नावाच्या वैयाकरणाने अशा वर्ज्य शब्दांची एक यादीच केली आणि ती कॉर्नेलियानस नावाच्या अधिकाऱ्याला अर्पण केली. हा कॉर्नेलियानस रोमन सम्राटाचा ग्रीक पत्रव्यवहार पाहणारा चिटणीस होता. सरकारी पत्रांची भाषा लोकांच्या भाषेपासून चार हात दूर असावी, ही समजूत किती जुनी आहे, याचा हा नमुना. गॅलेनसारखा थोर वैद्य या शब्दशुद्धीवर चिडे; त्याला रोग्याला कळणारी भाषा हवी होती. पण प्रतिष्ठा शुद्धिवाद्यांकडे गेली. तेव्हापासून ग्रीकचे दोन प्रवाह झाले. एक लिहिण्याचा, एक बोलण्याचा. बाराव्या शतकात कॉन्स्टॅंटिनोपलची राजकन्या आना कोम्निनी हिने आपल्या बापाचा इतिहास लिहिला तो दीड हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्सच्या वळणावर. आणि राजवाड्याबाहेर लोक 'आर्तोस' सोडून 'प्सोमी' खात होते.

हे शब्द कसे बदलले, हेही पाहण्यासारखे आहे. 'प्सोमी'चा मूळ अर्थ घास. 'प्सारी' आले ते 'ऑप्सारिऑन'पासून, म्हणजे भाकरीबरोबर खायचे तोंडीलावणे. समुद्रकाठच्या लोकांचे तोंडीलावणे मासळीचेच. तेव्हा तोंडीलावण्याचीच मासळी झाली. पाण्याला जुना शब्द 'हिडोर'. ताजे पाणी या जोडशब्दातील 'ताजे' तेवढे शिल्लक राहिले, पाणी गळून गेले, आणि 'नेरो' झाले. द्राक्षासवात पाणी मिसळून पिण्याची जुनी चाल होती, म्हणून मद्य झाले 'क्रासी', अर्थात मिश्रण. घोडा झाला 'आलोघो', म्हणजे ज्याला वाचा किंवा विचार नाही असा. घराचा शब्द, 'स्पीती', तर रोमन लोकांनी दिलेला. या एकाही ठिकाणी कोणी भाषेचा गळा दाबलेला नाही. माणसे जगत होती आणि जगता जगता बोलत होती, इतकेच.

मग मृत्यूचा दाखला दिला कोणी? तो दिला पश्चिम युरोपने. तेराशे चोपन्न साली पेत्रार्क या इटालियन कवीला होमरची ग्रीक पोथी भेट मिळाली. पण ती वाचता येईल इतके ग्रीक त्याला येत नव्हते. १३९७ मध्ये मान्युएल ख्रिसोलोरास हा कॉन्स्टॅंटिनोपलचा पंडित फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवू लागला. १४५३ मध्ये कॉन्स्टॅंटिनोपल तुर्कांच्या हाती पडले, त्याच्या आधी आणि नंतर ग्रीक पंडित पोथ्या घेऊन इटलीत येत राहिले, आणि व्हेनिसच्या आल्डस मानुशियसने त्या पोथ्या छापून काढल्या. या पंडितांनी आपल्या पाश्चात्त्य शिष्यांना जुने ग्रंथ शिकवले ते स्वतःच्या जिवंत उच्चारांनी. येथवर ग्रीक भाषा गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात जात होती. पण १५२८ मध्ये इरॅस्मस याने एका संवादात्मक ग्रंथात असे दाखवले की, प्राचीन ग्रीकांचे उच्चार आजच्या ग्रीकांसारखे नव्हते. मुद्दा बरोबर होता. अथेन्सच्या एका जुन्या सुखान्तिकेच्या तुकड्यात मेंढीचा आवाज ज्या दोन अक्षरांनी लिहिला आहे, त्यांचा जुना उच्चार 'बे' धरला तर ती मेंढी ओरडते. आजच्या ग्रीकांप्रमाणे त्यांचा उच्चार 'वी' होतो, आणि जगातील कोणतीही मेंढी 'वी वी' करीत नाही. मेंढीची साक्ष निर्णायक होती. तरीही केंब्रिज विद्यापीठाच्या कुलपतीने, स्टीफन गार्डिनर याने, १५४२ मध्ये नवे उच्चार करण्यास बंदी घातली आणि ती मोडणाऱ्यांस शिक्षा ठेवली. बंदी टिकली नाही. इरॅस्मसचे उच्चार शाळाशाळांतून रूढ झाले.

याचा परिणाम दूरगामी झाला. ग्रीक शिकण्यासाठी आता ग्रीक माणसाची गरज उरली नाही. ऑक्सफर्ड किंवा गटिंगेन येथे आयुष्यभर ग्रीक शिकवलेला प्राध्यापक अथेन्सच्या बंदरावर उतरला, तर त्याचे बोलणे हमालालाही कळू नये, अशी स्थिती आली. आणि प्राध्यापकाने निष्कर्ष काढला तो असा की, हमालाला ग्रीक येत नाही! शाळेतील ग्रीक ही लॅटिनशेजारची, शब्दकोशात बंद असलेली, परीक्षेची भाषा बनली. हिंदुस्थानच्या सनदी नोकऱ्यांसाठी स्पर्धा-परीक्षेची जी योजना मेकॉलेच्या समितीने १८५४ मध्ये आखली, तिच्यात ग्रीकला ७५० गुण होते, लॅटिनला ७५०. संस्कृत आणि अरबीला प्रत्येकी ३७५. पुणे किंवा मद्रास जिल्ह्याचा कारभार पाहू इच्छिणाऱ्याला मृत समजली जाणारी दूरची भाषा जवळच्या भाषेच्या दुप्पट उपयोगी ठरत होती. गुणपत्रिका हा सत्तेचा किती सरळ आरसा असतो, हे यावरून दिसते.

इकडे ग्रीक लोक स्वतः काय म्हणत होते? त्यांची अडचण आणखी विचित्र होती. पूर्व रोमन साम्राज्याची प्रजा म्हणून ते स्वतःला रोमन म्हणवत आणि आपल्या बोलीला 'रोमेइका'. आपल्या बखरींत 'रूमशाम' या जोडनावात जे रूम येते, तेच हे. 'हेलेनिक' म्हणजे त्यांच्या दृष्टीने पंडितांची प्राचीन भाषा. १८२१ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले, १८३० मध्ये नव्या राज्याला युरोपीय सत्तांची मान्यता मिळाली, आणि नव्या राष्ट्राला आपली वंशावळ दाखवणे भाग पडले. त्याच वर्षी फालमेरायर नावाच्या जर्मन इतिहासकाराने लिहिले की, प्राचीन ग्रीकांच्या रक्ताचा एक थेंबही आजच्या ग्रीकांत नाही, ते स्लाव आणि अल्बेनियन आहेत. या एका वाक्याने झालेली जखम शंभर वर्षे वाहत होती. आपण पेरिक्लीजचे वारस आहोत हे सिद्ध करण्याचा मार्ग कोणता? तर त्याच्यासारखे बोलणे.

आदामांतिओस कोराईस हा स्मर्ना येथे जन्मलेला आणि पॅरिसमध्ये राहिलेला विद्वान समन्वयवादी होता. लोकांची भाषा घ्यावी, तिच्यातील तुर्की-इटालियन शब्द काढावेत, जुनी रूपे जमतील तेवढी घालावीत, असा त्याचा मध्यम मार्ग. १८१३ च्या एका प्रहसनात त्याच्या अनुयायांची थट्टा आहे. तेथे एक पात्र कोशिंबिरीसाठी तयार केलेल्या लांबलचक समासाने घसा अडून गुदमरते! थट्टा झाली तरी राज्य याच भाषेचे झाले, किंबहुना कोराईसला हवी होती त्याहून अधिक जुनाट भाषेचे. तिला 'काथारेवुसा' म्हणजे शुद्ध भाषा म्हणत. कायदे, शाळा, न्यायालये, वृत्तपत्रे सारी तिच्यात. घरातली भाषा 'दिमोतिकी', म्हणजे लोकांची. मुलाने शाळेत जाऊन आईचे शब्द चुकीचे आहेत हे शिकायचे, अशी ही व्यवस्था. पहिलीपासून दोन भाषा शिकाव्या लागल्या आणि त्यांपैकी एकही पुरती आली नाही, अशी तक्रार त्या देशातील शिक्षक पुढे वारंवार करीत आले. खेड्यातल्या मुलाला तर सरकारी कागद वाचून घेण्यासाठी वकिलाकडेच जावे लागे.

हा संघर्ष पेटला तो बायबलवरून. १८९७ च्या तुर्की युद्धात जखमी झालेल्या शिपायांना रुग्णालयात शुभवर्तमान वाचायला दिले, तेव्हा ते त्यांना कळत नाही, असे राणी ओल्गा हिला आढळले. तिने सोपे भाषांतर करवून घेतले आणि १९०१ च्या आरंभी ते प्रसिद्ध झाले. त्यानंतर त्याच वर्षी 'आक्रोपोलिस' या दैनिकाने अलेक्झांद्रोस पालिस याचे लोकभाषेतील भाषांतर छापण्यास सुरुवात केली. हा पालिस मोठा नमुनेदार गृहस्थ. पेशाने व्यापारी, राली बंधूंच्या ग्रीक पेढीत नोकरी. त्या नोकरीपायी त्याची बरीच वर्षे मुंबईत गेली. त्याची मुलगी मारिएटा, जी पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नावाजली, तिचा जन्म १८८२ मध्ये मुंबईतच झाला. होमरच्या 'इलियड'चे लोकभाषेत रूपांतर करणारा माणूस कापसाच्या आणि धान्याच्या पेढीवर बसत होता, ही गोष्ट मुंबईच्या इतिहासकारांनी नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

अथेन्समध्ये मात्र आगडोंब उसळला. ज्या भाषेत नवा करार मुळात लिहिला गेला, ती आमची भाषा असताना भाषांतर हवेच कशाला, असा विद्यार्थ्यांचा आणि त्यांच्या प्राध्यापकांचा सवाल होता. भाषांतर मान्य करणे म्हणजे मूळ भाषा मेली असे मान्य करणे, ही खरी ठसठस. गंमत अशी की, तो नवा कराराचा ग्रंथ कोणत्याही दैवी किंवा पंडिती भाषेत नसून त्या काळच्या हमाल-व्यापाऱ्यांच्या कोइनेत आहे, हे डाइसमान या जर्मन विद्वानाने पपायरसांच्या आधारे नुकतेच दाखवू लागले होते. हे ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. नोव्हेंबर १९०१ मध्ये झ्यूसच्या पडक्या मंदिराच्या खांबांपाशी प्रचंड जमाव जमला. भाषांतर करणाऱ्यांना बहिष्कृत करा, ही मागणी. सैन्याने गोळीबार केला. आठ माणसे ठार झाली. मुख्य धर्मगुरूने राजीनामा दिला, पाठोपाठ पंतप्रधान थेओतोकिस यानेही. १९११ च्या राज्यघटनेत अधिकृत भाषेला संरक्षण देणारे कलम आले, आणि पवित्र ग्रंथाच्या पाठाला हात लावता येणार नाही, हेही त्याच घटनेत नमूद झाले.

पुढची पाऊणशे वर्षे भाषा सरकारांबरोबर बदलत राहिली. १९१७ मध्ये वेनिझेलोसच्या राजवटीत प्राथमिक शाळांत लोकभाषा आली; सत्ता गेली की ती जाई, पुन्हा येई. १९४१-४२ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्य अथेन्समध्ये होते, लोक रस्त्यावर उपासमारीने मरत होते, आणि विद्यापीठातील पंडित मंडळी योआनिस काक्रिदिस या सहकाऱ्याची चौकशी करीत होती. अपराध हा की, त्याने आपले पुस्तक जुनी स्वरचिन्हे गाळून, अक्षरांवर एकच खूण ठेवून छापले होते. त्या चिन्हांपैकी काही तर ज्या 'ह' ध्वनीसाठी होती, तो ध्वनी ग्रीकांच्या तोंडून जाऊन दीड हजारावर वर्षे लोटली होती. १९६७ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता बळकावली आणि काथारेवुसा पुन्हा शाळांवर लादली. तिचे खरे नुकसान या कैवाऱ्यांनीच केले. हुकूमशहांच्या जाहीरनाम्यांची भाषा म्हणून ती लोकांच्या मनातून उतरली; १९७४ मध्ये ते गेले, आणि १९७६ च्या कायद्याने शिक्षणाची भाषा लोकभाषा ठरली. १९८२ मध्ये ती जुनी चिन्हेही गेली. एखाद्या भाषेच्या मृत्यूची तारीख सांगायचीच झाली, तर ती प्राचीन ग्रीकची नव्हे, काथारेवुसाची सांगता येते. आणि जी कधी कोणाच्या पाळण्यात जन्मलीच नव्हती, तिच्या मृत्यूचे सुतकही फारसे कोणी पाळले नाही. तिचे कित्येक शब्द मात्र लोकभाषेने निमूटपणे घरात घेतले. दुकानांच्या पाट्या त्यांतल्याच.

मग प्राचीन ग्रीकबद्दल काय म्हणावे? अॅटिक ग्रीक आज कोणाची मातृभाषा नाही, या अर्थाने ती मृत आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिचे ऱ्हस्व-दीर्घ गेले, सुरांचा चढउतार जाऊन आघात आला, द्विवचन गेले, चतुर्थी गेली, 'जाणे', 'खाणे' अशी तुमर्थक रूपेही गेली. पण हे मरण नदीच्या कालच्या पाण्याचे आहे. युरोपने कालचे पाणी बाटलीत भरून ठेवले आणि बाटलीकडे बोट दाखवून नदी आटली म्हटले. ग्रीसमधील शुद्धिवाद्यांनी तीच बाटली नदीत ओतून प्रवाह मागे फिरवू पाहिला. एकमेकांचे कट्टर विरोधक असलेले हे दोन पक्ष एका गोष्टीवर एकमत होते: बाजारात बोलली जाते ती खरी ग्रीक नव्हे.

या वादात ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही, अशाही काही ग्रीक बोली आहेत. १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येची अदलाबदल केली ती धर्म पाहून, भाषा पाहून नव्हे. तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसमध्ये धाडले गेले आणि ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानात. काळ्या समुद्राच्या काठी, त्राब्झोनच्या डोंगरांत, ग्रीकच बोलणारे मुसलमान मात्र होते तेथेच राहिले. त्यांची बोली आजही आहे. तिचे नाव जुनेच, 'रोमेयका'. अथेन्सची भाषा जी तुमर्थक रूपे कधीच विसरली, ती या डोंगरांतल्या बायका अजून वापरतात, असे अलीकडच्या संशोधनात दिसून आले आहे. बोली लिहिली जात नाही, शाळेत शिकवली जात नाही, आणि तरुण मंडळी तुर्की बोलतात.

पेलोपोनेसच्या पूर्व किनाऱ्यावर लेओनिदिओ गावाच्या आसपास 'त्साकोनियन' बोली आहे. आजची बाकीची ग्रीक कोइनेतून आली; ही तेवढी प्राचीन डोरिक बोलीतून, स्पार्टाच्या शिपायांच्या बोलीतून उतरलेली आहे. ती बोलणारे आता थोडे उरले आहेत आणि ते बहुतेक वृद्ध आहेत. लेओनिदिओमध्ये एक दुभाषी पाटी लावलेली आहे. आमची भाषा त्साकोनियन आहे. विचारा, म्हणजे लोक तुमच्याशी ती बोलतील, अशा आशयाचा मजकूर तिच्यावर त्साकोनियनमध्ये आहे आणि खाली तोच ग्रीकमध्येही दिलेला आहे.